कळपातली एक

कोंबडीचं अंडं २१ दिवसांत फुटतं, गिनी फाउल या कोंबडीसारख्याच पाळीव पक्ष्याचं २६ ते २८. खुडूक कोंबडीला हा हिशेब कोण सांगणार? अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात शेजारच्या आबांनी दोन्ही जातींची अंडी एकाच दिवशी तिच्याखाली ठेवली. आपली पिल्लं निघाली तशी ती त्यांना घेऊन उकिरड्याकडे चालती झाली. मागे राहिलेली गिनीची अंडी आबांनी खोक्यात घालून बल्बखाली ठेवली. त्यांतलं एकच फुटलं. ते पिल्लू टोपीत घालून आबा आमच्या दारात आले, कारण मी दिवसभर घरीच असते. शिवणकाम हे काम असतं, हे गावातल्या पुरुषांना अजून पटायचं आहे.

पिल्लू तपकिरी पट्ट्यापट्ट्यांचं, चोच आणि पाय केशरी. पहिल्या आठवड्यात त्याला ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. इतरत्र लोक त्यासाठी ब्रूडर लावतात. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उलटल्यावर आमच्याकडे आख्खं घरच ब्रूडर होतं. बल्ब लागायचा तो फार तर पहाटे, तोही वीज असली तर. दुपारी पारा ४४ वर गेला की ते पंख पसरून, चोच उघडी टाकून धापा टाकायचं आणि मी खिडकीला ओलं गोणपाट लावायचे. खोक्यातही गोणपाटच. वर्तमानपत्रावर पाय घसरतात आणि असे घसरत राहिले की फाकतात ते कायमचे. पाण्याच्या ताटलीत खडे टाकायचे, कारण बोटभर पाण्यातसुद्धा ही पिल्लं बुडतात. खाणं कोंबडीच्या पिल्लांपेक्षा कसदार लागतं. मी दुकानातल्या स्टार्टर दाण्यात उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून घालायचे. अंड्यातून आलेल्याला अंडं खायला घालताना सासूबाईंनी माझ्याकडे जरा पाहिलंच. वाळवी मिळाली तर मात्र बलकाकडे ढुंकूनही बघायचं नाही.

हे सगळं जमतं. जमत नाही ते त्याचं एकटेपण. हा कळपाचा पक्षी. कोणी दिसेनासं झालं की जिवाच्या आकांताने ओरडतो. खोक्यात आरसा ठेवला, तर थोडा वेळ त्यातल्या पाहुण्याशी गप्पा झाल्या. पाहुणा अंगाला अंग लावून बसत नाही हे कळल्यावर पुन्हा आरडाओरडा. शेवटी त्याने माझं शिवणयंत्र पसंत केलं. यंत्र खडखडत असेतोवर ते कतरणांच्या ढिगात डोळे मिटून पडायचं. दोरा ओवायला मी थांबले की मान वर. त्या खडखडाटात त्याला भावंडांची कुजबुज ऐकू येत असावी. त्या दिवसांत मी गरज नसताना जुने परकर दुहेरी टिपेने शिवले. चुलीपाशी जावं तर मागे, न्हाणीपाशी जावं तर दाराबाहेर बोंब. सासूबाई म्हणाल्या, "माय वं, हाई तं तुलेच माय समजी ऱ्हायनं!" माय कसली, मी त्याच्या कळपातली एक होते, आणि तीही सारखी हरवणारी.

पावसाळ्यात अंगावर राखाडी पिसं आणि त्यांवर पांढरे ठिपके आले. ग्रीक पुराणात मेलेआगर मेल्यावर रडणाऱ्या त्याच्या बहिणींना देवीने या पक्ष्यांचं रूप दिलं आणि ठिपके म्हणजे त्यांची आसवं, अशी कथा आहे. ओरडणं ऐकल्यावर मला ती पटली. पुढे डोक्यावरची पिसं जाऊन तिथे हाडाचं शिंग आलं आणि एका सकाळी दोन तुकड्यांची हाक ऐकू आली. नराला ती जमत नाही, म्हणजे ही मादी. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने गिनीच्या वाणांना कादंबरी, चितांबरी, श्वेतांबरी अशी देखणी नावं दिली आहेत. कोंबड्या संशोधणाऱ्यांत कोणीतरी रसिक असणार! आमच्या मुलीने त्यांतलं कादंबरी उचललं.

आबांच्या मळ्यातला गिनींचा थवा किडे टिपत आमच्या खळ्यापर्यंत येतो. पहिल्यांदा कादंबरीने त्यांना पाहिलं तेव्हा ती माझ्या पायामागे लपली. त्यांनी तिला चोची मारल्या, पळवलं. आठवड्याभरात ती रांगेत शेवटी चालू लागली, मग मधे. संध्याकाळी मी डबा वाजवून खोक्याकडे बोलावलं, तर ती थव्याबरोबर निंबाच्या झाडावर. निरोप वगैरे काही नाही.

आता हा थवा गल्लीची चौकी आहे. साप, मांजर, वीजबिल देणारा, सगळ्यांवर सारखाच गिल्ला. परवा बाजारातून हेल्मेट घालून परतले, तर फाटकातच घेरलं मला. सगळ्यांत पुढे कादंबरी, आणि आवाजही तिचाच सगळ्यांत मोठा.