सातबाऱ्यावर नसलेला लांडगा

माण तालुक्यातल्या एका नव्या रस्त्याच्या आखणीआधी वन्यजीव पाहणीचं काम मिळालं. नकाशात दोन्ही बाजूंना एकच शेरा: पडीक. साताऱ्यात वन्यजीव म्हटलं की लोक कोयनेकडे बोट दाखवतात. या उघड्या माळावर काय असणार, असं मलाही वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

पाहणी लावली जूनमध्ये. आठ दिवस पहाटे आखणीच्या दोन्ही अंगांनी चाललो. ससे, खोकडाची विष्ठा, एक घोरपड. ठसेही दिसले, पण लांडग्याचे की मेंढक्यांच्या कुत्र्यांचे, हे छातीठोक सांगता येईना. 'आढळ नाही' लिहायच्या बेतात होतो.

शेवटच्या दिवशी ओढ्याकाठी एका धनगर आप्पांचा वाडा लागला. चहा देत म्हणाले, "लांडगं हायत की, पावनं. पर आत्ता बिळात कशाला बसत्याल? थंडीत या."

चूक तिथंच होती. आमच्याकडे लांडग्याची पिल्लं हिवाळ्यात होतात, आणि कंत्राटाची मुदत काही ते बघून ठरत नाही. भांडून दुसरी फेरी मिळवली. जानेवारीत आप्पांनी लांबूनच दाखवलं: ओढ्याच्या दरडीत, घाणेरीच्या आड बीळ. तोंडाशी मेंढीचं हाड आणि केसांनी भरलेली, वाळून पांढरी पडलेली विष्ठा. त्रास झाला तर मादी पिल्लं हलवते, म्हणून कॅमेरा तिथं न लावता लांबच्या पायवाटेवर लावला. चौथ्या रात्री दोन लांडगे त्यात आले. आखलेली रेषा बिळापासून जेमतेम दोनशे पावलांवर होती.

"लांडग्यासाठी रस्ता वळवायचा?" बैठकीत हशा पिकला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातली अनुसूची १, म्हणजे सर्वांत कडक संरक्षण असलेल्या प्राण्यांची यादी, पुढं ठेवली. लांडगा तिच्यात आहे. भारतीय वन्यजीव संस्थेची २०१६ ची मार्गदर्शिकाही दाखवली: आधी अधिवास टाळा, ते जमलंच नाही तर प्राण्यांना रस्त्याखालून भुयारी वाटा द्या. शेवटी रेषा जुन्या गाडीवाटेकडे सरकली. ओढ्यावर नळ्यांच्या मोरीऐवजी रुंद, पलीकडचा उजेड दिसेल अशी मोरी धरली. हवी होती तेवढी उंची मात्र मिळाली नाही.

आप्पांना सांगायला गेलो. म्हणाले, "त्यातनं आमची मेंढरं बी जात्याल न्हवं?" मग थोडं थांबून, "बीळ कुठं हाय ते तेवढं लिवू नका."

दरसाल दोन-चार मेंढरं त्याच लांडग्यांच्या पोटात घालवणारा माणूस हे सांगत होता. अहवालातल्या नकाशावरून मी ती खूण काढून टाकली.