आत्याबरोबर केळकर संग्रहालय पाहताना

पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय तसं माझ्या ओळखीचं. शाळेच्या सहलीत पाहिलेलं, पुढे परगावच्या पाहुण्यांना फिरवताना पाहिलेलं. अडकित्ते, दिवे, मस्तानी महाल, आणि तासाभरात परत बाजीराव रस्त्यावर. या वेळी मात्र मी आत्याला घेऊन गेले. ऐंशी ओलांडलेली माझी आत्या, सासर वाईचं. उमेदीची वर्षं तिने वाड्यात, चुलीपुढे आणि पाट्या-वरवंट्यापाशी काढली. तिथल्या कपाटांतल्या कितीतरी वस्तूंची जातकुळी तिच्या हातांना ठाऊक आहे. ज्यांनी या वस्तू वापरल्या आहेत अशा माणसाबरोबर हे संग्रहालय पाहावं, असं मला आता फार मनापासून वाटतं. म्हणून आम्ही ते कसं जमवलं, हे जरा सविस्तर लिहिते.

पहिला प्रश्न जिन्यांचा होता. दालनं वेगवेगळ्या मजल्यांवर आहेत, आणि आत्याचे गुडघे आता एका दमात फार चढू देत नाहीत. सुट्टीचा दिवस टाळला, सकाळची वेळ धरली, गाडी घरीच ठेवून रिक्षाने नातूबागेत उतरलो. बाजीराव रस्त्याला गाडी लावायला जागा शोधण्यात म्हातारं माणूस निम्मं दमून जातं. घडीचं छोटं स्टूल बरोबर घेतलं होतं. आत न्यायला चालेल का, हे तिकिटाच्या खिडकीवरच विचारून घेतलं. ते स्टूल होतं म्हणूनच दिवस निभावला. वयस्कर माणसाला नेणार असाल तर एवढं नक्की करा.

दुसरी गोष्ट, सगळं बघायचं नाही हे आधीच ठरवलं होतं. संग्रह सुमारे 20,000 वस्तूंचा, त्यातल्या अडीच हजारांच्या आसपास मांडलेल्या. तेवढ्याही एका दिवसात नीट बघून होत नाहीत. आत्याला विचारलं, तुला काय बघायचंय? ती म्हणाली, "भांडी दाखव. तलवारी मला काय करायच्यात?"

हा सगळा संग्रह एका माणसाने उभा केला, हे आत्याला माहीत नव्हतं. दिनकर गंगाधर केळकर (1896–1990). चष्म्यांचं दुकान चालवणारे, 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणारे. 1920 च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू जमवायला सुरुवात केली आणि मग आयुष्यभर गावोगाव हिंडून त्या गोळा केल्या. पत्नी कमलाबाईंची साथ होती. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहालयाला नाव त्याचं आहे. 1962 मध्ये संग्रहालय सुरू झालं आणि 1975 मध्ये केळकरांनी सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केला. आत्याने हे ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "त्या काळी बायका पितळ मोडीत घालून स्टीलची भांडी घेत होत्या. आम्हीही घातलं." केळकरांचं मोठेपण मला याच जागी दिसतं. नाणी, शस्त्रं, शिल्पं जमवणारे होते. पण विळी, सोऱ्या, पाय घासायची वज्री, कुंकवाचा करंडा हेसुद्धा जपून ठेवायचं असतं, असं वाटणारं माणूस त्या काळात विरळाच.

भांड्यांपाशी पोहोचल्यावर आमच्या दोघींच्या बघण्यातला फरक कळला. मी बाहेरची नक्षी बघत होते. आत्या मान तिरकी करून भांड्याच्या आत डोकावत होती. "कल्हई पार गेलीय याची," ती म्हणाली. मग स्टुलावर बसून तिने मला कल्हई समजावली. पितळेच्या, तांब्याच्या भांड्यात आंबट काही ठेवलं की कळकतं. ताक, कढी, चिंचेची आमटी, सगळं. कळकलेलं अन्न तोंडात घालवत नाही आणि पोटालाही वाईट. म्हणून आतून कथलाचा पातळ थर द्यायचा. कल्हईवाला अंगणात खड्डा करून कोळसे पेटवायचा, भाता मारायचा, भांडं चांगलं तापलं की नवसागराची पूड टाकायचा. भसकन पांढरा धूर यायचा. मग कथलाची कांडी टेकवली की ती वितळायची, आणि कापसाच्या बोळ्याने तो सरसर सगळीकडे फिरवायचा. काळपट भांडं आतून चांदीसारखं लखलखायचं. शेवटी पाण्यात बुडवलं की चर्र आवाज. वाड्यातली पोरं सगळी भोवती गोळा झालेली असायची. आणि थोरल्या सुनेचं एक काम ठरलेलं असे, रोज भांडी घासून आली की आत बघायचं. तळाला पितळ पिवळं दिसायला लागलं की कल्हईवाल्याची वाट बघायची, तोवर त्या भांड्यात आंबट शिजवायचं नाही.

काचेआडच्या चिठ्ठीवर वस्तूचं नाव असतं, धातू असतो, प्रांत असतो. ही रोजची पाहणी तिथे कुठून येणार?

विळीपाशी ती अशीच थबकली. प्राण्याच्या आकाराची, पाठीवर पातं उभारलेली. आत्याने पात्याच्या टोकाकडे बोट केलं. तिथे खोबरं खवायची दातेरी चकती होती, पण ती बघत होती पाटाकडे. पाटाची एक कड दुसरीपेक्षा जास्त गुळगुळीत झाली होती. तिने बसल्या बसल्या उजवा पाय किंचित पुढे सरकवला. त्या कडेवर पाय दाबून बसायचं, दोन्ही हात मोकळे, भाजी हाताने पात्यावर न्यायची. सुरीने चिरताना सुरी हलते, इथे पातं जागच्या जागी आणि हात हलतात. कित्येक वर्षं कुणीतरी त्या पाटावर पाय ठेवून घरादाराची भाजी चिरली होती, आणि तिच्या पायाचा घासटा तेवढा शिल्लक होता. मी त्या विळीसमोरून पूर्वी नक्की गेले असणार. तो झिजलेला भाग मला आत्याने दाखवला तेव्हा दिसला.

प्रश्न कसे विचारायचे, हे मला तिथेच उमगलं. "हे काय आहे?" असं विचारलं की आत्या नाव सांगून गप्प बसायची. "हे तुमच्याकडे कुठे ठेवलेलं असायचं?" किंवा "हे काम घरात कुणाचं?" असं विचारलं की बोलतं व्हायची. अडकित्त्यांच्या कपाटापाशी याचा फार उपयोग झाला. केळकरांचे अडकित्ते प्रसिद्धच आहेत, मोर, पोपट, घोडा, स्त्री-पुरुषाची जोडी, काय वाटेल ते आकार. अंग पितळेचं असलं तरी पातं लोखंडाचं, कारण पितळेला धार टिकत नाही. आत्याच्या सासरी पानाचं तबक ओसरीवर, सासऱ्यांच्या बैठकीपाशी. सुपारी कातरायचं काम दुपारी आजेसासूबाईंचं. रोठा सुपारी टणक, ती आधी दुभंगायची, मग अर्धुकाचा सपाट भाग खाली ठेवून पातळ पातळ कातरायची. अंगठा नेमका कुठे टेकवायचा, हे आत्याने हवेत करून दाखवलं. नवी सून अडकित्त्याला हात लावते तेव्हा सुपारी टणकन उडून भिंतीवर जाते, आणि सगळे हसतात, असंही तिने सांगितलं. शेजारी उभी असलेली दोन कॉलेजची मुलंही तोवर ऐकायला थांबली होती. त्यांतल्या एकाने विचारलं, "आजी, एवढी नक्षी कशाला? सुपारी तर साध्यानेही फुटेल." आत्याने उत्तर दिलं, "पाहुण्यापुढे ठेवायची वस्तू आहे बाळा." मला हे उत्तर पुरेसं वाटलं.

साजशृंगाराच्या वस्तूंत फण्या, करंडे, वज्र्या. वज्रीचा तळ खरखरीत, वर धरायला पक्षी किंवा प्राणी. आणि मेणाची डबी. ही डबी मला कधी कळलीच नसती. आजच्या टिकल्यांच्या आधी कुंकू कपाळावर टिकायचं कसं, हा विचारच मी केला नव्हता. आत्याची आजी सकाळी बोटाच्या टोकाने कपाळावर मेणाचा गोल लावायची, त्यावर पिंजरीची चिमूट दाबायची, आणि पदराचं टोक बोटाभोवती ताणून कड पुसून घ्यायची. आरशाशिवाय. कड जरासुद्धा वाकडी नाही. आत्याने हे सांगताना आपल्या कपाळाभोवती बोट फिरवलं, आणि तिचा आवाज क्षणभर अडकला.

दौतींपाशी फार वेळ गेला नाही, पण तिथेही तिने एक गोष्ट सांगितली. दौतीत कापडाची चिंधी घालून ठेवत. दौत कलंडली तरी शाई सांडत नाही आणि बोरूला लागते तेवढीच लागते. मस्तानी महाल मी आग्रहाने दाखवला. कोथरूडचा महाल सुटा करून इथे आणून उभारला, ही गोष्ट मोठीच आहे. आत्याने तो बघितला, छान आहे म्हणाली, आणि लामणदिव्यांकडे वळली.

तोवर दुपार झाली होती आणि ती दमली होती. ती दमतेय असं दिसलं की थांबावं, उरलेलं राहू द्यावं. दालनात बोलणं ध्वनिमुद्रित करायचा विचार मी सोडून दिला होता, इतरांना त्रास होतो आणि ऐकूही नीट येत नाही. वहीत शब्द टिपून घेतले, आणि संध्याकाळी घरी चहा झाल्यावर एकेक शब्द वाचून दाखवला, शेजारी फोन चालू ठेवून. घरी ती दुप्पट बोलली.

त्याच संध्याकाळी तिने मला माळ्यावरचं पोतं काढायला लावलं. मोडीत घालायचं राहिलेलं थोडं पितळ त्यात होतं. एक ताम्हन, दोन वाट्या, एक मोठं पातेलं, चकल्यांचा सोऱ्या. पातेल्याच्या काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं आहे. पूर्वी भांडं घेतलं की दुकानात नाव घालून मिळायचं. लग्नात, मुंजीत आलेल्या भांड्यांवर कुणी कुणाला दिलं ते आणि तारीखसुद्धा. या पातेल्यावर आत्याच्या सासूबाईंचं माहेरचं नाव आहे. ते नाव आमच्यापैकी कुणाच्याच तोंडी आता नव्हतं. संग्रहालयातल्या विळीची मालकीण कोण होती ते कळायला मार्ग नाही. आपल्या माळ्यावरच्या भांड्यांना मात्र अजून माणसं जोडलेली आहेत, आणि ती सांगू शकणारी माणसं आज आहेत. मला याची घाई वाटते, खरंच घाई वाटते.

म्हणून आम्ही प्रत्येक वस्तूला दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधली. वस्तूचं नाव, कुणाची, घरात कुठून आली, कशाला वापरायची, वापरणारं शेवटचं माणूस कोण. आत्या सांगत होती, माझी मुलगी लिहीत होती. नाव घातलेली भांडी राखेने किंवा काथ्याने खसाखसा घासायची नाहीत, ठिपके झिजतात, ही सूचनाही आत्याने चिठ्ठीवर लिहायला लावली. पातेल्याला कल्हई करून घ्यायची आहे. तांबट आळीत चौकशी करते. आणि संग्रहालयातली वाद्यं बघायची राहिली आहेत, त्यासाठी आमच्या सोसायटीतल्या, तरुणपणी भजनी मंडळात पखवाज वाजवणाऱ्या काकांना विचारून ठेवलं आहे. ते हो म्हणालेत, पुढच्या महिन्यात जाऊ.