भोपळा काढला तर चिरणार काय?

मागच्या महिन्यात नातीनं मला विचारलं, "आजी, जुन्या काळची माणसं ढ होती का गं?"

ती नऊ वर्षांची आहे. शाळेत त्यांचा शोधांचा धडा चालू होता. अमक्यानं वाफेचं इंजिन केलं, तमक्यानं जंतू शोधले, त्याआधी कुणाला काही ठाऊकच नव्हतं. मग पोरीनं दुसरं काय समजावं? मी चौतीस वर्षं गणित शिकवलं, वर्गात 'ढ' हा शब्द कुणाला उच्चारू दिला नाही, आणि माझ्याच घरात तो सगळ्या पूर्वजांना एकदम लागला. मी लगेच "नाही" म्हटलं. पण नुसतं उत्तर लिहिलं तर मी मुलांना अर्धेच गुण द्यायची. रीत दाखवावी लागते.

म्हणून रविवारी सकाळी आम्ही दोघी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून ऑटोनं किल्ल्याच्या पायथ्याशी, किला गेटला गेलो. गाडी उरवाईच्या बाजूनं थेट वर जाते, पण मला गुजरी महालावरून पायी चढायचं होतं, कारण चतुर्भुज मंदिर त्या चढणीवर आहे. एकाच खडकात कोरलेलं, इतकं लहान की ग्वाल्हेरचीच माणसं त्याच्याकडे न बघता वर हाथी पोळ या दरवाज्याकडे निघून जातात. राखणदारानं कुलूप काढलं. आत भिंतीवर लेख आहे, विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इ. स. ८७६. प्रतिहार राजा मिहिरभोजाच्या काळात अल्ल नावाचा अधिकारी या किल्ल्यावर होता, हे मंदिर त्याचं. देवाला दिलेल्या फुलबागेचं माप लेखात आहे, २७० हात बाय १८७ हात. आणि माळ्यांनी रोज द्यायच्या ५० माळा.

नात डोळे बारीक करून बघत होती. एकही अक्षर तिला लागेना. मलाही लागत नाही. मग मी न टेकवता एका जागी बोट धरलं आणि ती ओरडलीच, "दोनशे सत्तर!"

बाराशे वर्षांपूर्वीच्या भिंतीवर तिला एवढंच वाचता आलं. शून्य बाकीच्या आकड्यांपेक्षा जरा लहान आहे, पण गोल, स्वच्छ, आपलंच. (हे जगातलं पहिलं शून्य असं इथे सर्रास सांगतात, ते खरं नाही. कंबोडियात मेकाँगकाठच्या एका शिलालेखात शके ६०५ या सालातलं शून्य आहे, म्हणजे इ. स. ६८३. आपलं शून्य पहिलं नाही म्हणून त्याची किंमत कमी होत नाही, आणि मुलांना खोटं सांगू नये.)

पायरीवर बसून मी तिला बागेचं क्षेत्रफळ काढायला लावलं. २७० गुणिले १८७. तिनं वहीत मांडणी केली, एकदा हातचा चुकली, खोडलं, आणि दोनेक मिनिटांत उत्तर आणलं, ५०,४९० चौरस हात. मी म्हटलं, आता हेच शून्याशिवाय, एकक-दशकाच्या स्थानांशिवाय करून दाखव. शंभराला एक खूण, दहाला दुसरी, एकाला तिसरी. ती थोडा वेळ झटली आणि म्हणाली, "मला हे येणारच नाही." पोरगी तीच होती आणि डोकंही तेच, फक्त आकडे लिहायची पद्धत काढून घेतली होती.

मला ब्रह्मगुप्त आठवतो. इ. स. ६२८ मध्ये, तिशीत असताना, त्यानं शून्याशी बेरीज, वजाबाकी, गुणाकार कसे करायचे याचे नियम लिहिले. ऋण गुणिले ऋण धन, हेही लिहिलं. आणि तोच ब्रह्मगुप्त शून्य भागिले शून्य बरोबर शून्य असं सांगून गेला. माझ्या दहावीच्या वर्गातलं शेवटच्या बाकावरचं पोरही सांगायचं, "बाई, शून्यानं भागता येत नाही." म्हणून ते पोर ब्रह्मगुप्तापेक्षा हुशार झालं का? त्याला ती वाट झाडून मिळाली. वाट नसलेल्या जागी पहिलं पाऊल टाकणारा एका ठिकाणी घसरला, एवढंच.

आता माझी एक चूक सांगते, जी मला चाळीस वर्षं बोचते आहे.

मी बी. एड. करत होते तेव्हा आम्हाला बुद्धिमापनाच्या चाचण्या शिकवायचे. सरावासाठी मी माझ्या आजीला, माईला, गाठलं. माई दोन यत्ता शिकलेली. स्वयंपाकघरात विळीवर भोपळा चिरत बसली होती. मी कागद घेऊन समोर बसले आणि तिथल्या तिथे प्रश्न केला, "माई, सुरी, विळी, किसणी, भोपळा. यातलं वेगळं काय?"

"वेगळं काही नाही."

"अगं, एक काढायचं आहे."

"काय काढू? भोपळा काढला तर चिरणार काय?"

मी समजावलं, तिन्ही हत्यारं आहेत आणि भोपळा भाजी आहे. माईनं भोपळ्याची फोड विळीच्या पात्याला लावली आणि म्हणाली, "ते मला दिसतंय गं. पण नुसती विळी घेऊन मी काय करू?" मी तिच्या नावापुढे फुली मारली.

खूप नंतर वाचनात आलं की अलेक्झांडर लुरिया या रशियन मानसशास्त्रज्ञाला १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या अशिक्षित शेतकऱ्यांनी जवळजवळ हेच उत्तर दिलं होतं. हातोडा, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका, यातलं वेगळं काय? ते म्हणत, सगळी एकत्रच हवीत, ओंडका नसेल तर बाकीची काय कामाची? त्यानं आणखी एक विचारलं. अतिउत्तरेला बर्फात सगळी अस्वलं पांढरी असतात, नोवाया झेमल्या अतिउत्तरेला आहे, तर तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? उत्तर मिळालं की मी काळं अस्वल पाहिलंय, दुसरं पाहिलेलं नाही. हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले. माई जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

ती बुद्धीनं कमी नव्हती. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल, न लागणाऱ्या कारणासाठी वर्गवारी करायची सवय शाळा लावते, आणि ती शाळा तिला मिळाली नव्हती. ज्या माईनं दोनशे पानांच्या पंगतीचा शिधा कागद न घेता काढून दिला, पाकाचा थेंब दोन बोटांत धरून तार बघितली आणि बुंदी कधी बिघडू दिली नाही, तिला मी एका भोपळ्यावरून नापास केलं.

जेम्स फ्लिन या अभ्यासकांनी १९८४ मध्ये अमेरिकेतले आणि १९८७ मध्ये चौदा देशांतले आकडे मांडून दाखवलं की बुद्ध्यंकाच्या चाचण्यांत लोकांचे गुण पिढी दर पिढी वाढत आलेत, दर दहा वर्षांना साधारण तीन. आता हे सरळ बुद्धीचं माप मानून मागे मोजत गेलं, तर आपले पणजोबा-खापरपणजोबा मतिमंद ठरतात. त्यांनी शेती केली, घरं बांधली, कोर्टकचेऱ्या लढवल्या, त्यामुळे हे निव्वळ अशक्य आहे. खुद्द फ्लिन यांचाही हाच मुद्दा होता. पुढे नॉर्वेत १९७५ नंतर जन्मलेल्यांचे गुण उलटे घसरू लागले, तेही एकाच घरातल्या भावाभावांत, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. मेंदू इतक्या लवकर चढत-उतरत नसतो. मोरोक्कोत जेबेल इरहूदला आपल्याच प्रजातीच्या माणसाचे तीन लाख वर्षांपूर्वीचे अवशेष सापडलेत, आणि लिहायला लागून आपल्याला पाचेक हजार वर्षं झाली. त्यात डोकं नवं कुठून येणार?

मग नुसती माहिती साठत गेली का? "नुसती" हा शब्द मला मान्य नाही. कोठीत धान्य साठतं तसं ज्ञान साठत नाही. शून्य शिकलेली माझी नात आकड्यांकडे बघते ती निराळ्या डोळ्यांनी. आणि कोठीतलं धान्य कुणी हात लावला नाही तरी काही दिवस टिकतं. ज्ञान हातातून हातात गेलं नाही की संपतं.

हे नुसतं बोलणं नाही. जेम्स लिंड या डॉक्टरनं १७४७ मध्ये खलाशांवर प्रयोग करून दाखवलं की संत्र्या-लिंबांनी स्कर्व्ही, म्हणजे 'क' जीवनसत्त्व कमी पडून होणारा रोग, बरा होतो. १७९५ पासून ब्रिटिश नौदल लिंबाचा रस देऊ लागलं आणि रोग हटला. पुढे त्यांनी दुसऱ्या जातीची, कमी जीवनसत्त्वाची लिंबं घेतली. वाफेच्या जहाजांमुळे प्रवास आखूड झाले होते, म्हणून फरक कुणाच्या ध्यानात आला नाही. १९०० च्या सुमारास भलेभले डॉक्टर म्हणत होते की स्कर्व्ही डब्यातल्या खराब मांसानं होतो, आणि १९०१ ला निघालेल्या स्कॉटच्या अंटार्क्टिक मोहिमेत माणसांना पुन्हा तोच रोग झाला. डॉक्टर ढ झाले नव्हते. शंभर वर्षांपूर्वी माहीत असलेलं त्यांना माहीत नव्हतं.

आमच्या घरात तर हे माझ्याच हातून झालं. आजोबांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते सराफ्यातल्या एका पेढीवर हिशेबनीस होते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी सगळं तोंडपाठ. साडेतीनचा पाढा म्हणजे औटकी. सोळा आण्यांचा रुपया आणि चाळीस शेरांचा मण होता, तोवर याच्याशिवाय बाजारात उभं राहता येत नव्हतं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि एका पिढीत हे पाढे घराघरांतून गेले. त्याचं मला फार दुःख नाही, शंभराचा हिशेब खरोखरच सोपा आहे. दुःख मोडीचं आहे. अण्णांची पुण्याच्या भावाशी चाळीस वर्षं पत्रं चालली, सगळी मोडीत. बाबांना मोडी यायची. ते मला म्हणाले होते, "बस, महिन्याभरात शिकवतो." मला वेळ नव्हता, पेपर तपासायचे होते. १९९४ मध्ये घराची दुरुस्ती निघाली तेव्हा एक ट्रंक मी स्वतः रद्दीत दिली. दुसरी केवळ पलंगाखाली सरकलेली होती म्हणून राहिली.

किल्ल्यावरून आलो त्या संध्याकाळी मी ती ट्रंक उघडली. नात माझ्या शेजारी फरशीवर पालथी पडून कागद बघत होती. आधी आडवी रेघ ओढून मग तिला लटकवल्यासारखी अक्षरं, बोरू न उचलता लिहिलेली. पुन्हा तेच, अक्षर लागेना आणि आकडे मात्र ओळखीचे. एका चिटोऱ्यावर हिशेब होता. १७, खाली ३ आणि त्याच्यापुढे दोन उभे दंड, खाली ५९ आणि पुन्हा दोन दंड.

"हे काय, आजी? तीनशे अकरा?"

मी सांगितलं, एक दंड म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ३॥ म्हणजे साडेतीन. ती वही घेऊन बसली. सतरा त्रिक एक्कावन्न, सतराचे अर्धे साडेआठ. बेरीज करून तिनं पुन्हा चिटोऱ्याकडे पाहिलं.

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि मी काही म्हणायच्या आत पेन्सिलीनं अण्णांच्या उत्तरापुढे छोटीशी खूण केली.

आता रोज रात्री जेवणानंतर आम्ही दोघी मोडीची बाराखडी गिरवतो. मोडीत ह्रस्व-दीर्घ असा भेद नाही, याचा तिला फार आनंद झालाय. हिशेबाखालच्या दोन ओळी अजून लागलेल्या नाहीत.