उसाचा घाट

पाटाच्या कडेनं पळताना आठवड्यातून एकदा तरी मागून मोटरसायकल येते, हळू होते आणि कुणीतरी काळजीनं म्हणतं, "बसा मॅडम, सोडतो." मी धापा टाकत "नको, नको" म्हणते. तो भला माणूस तरी शंभरेक फूट माझ्या बरोबरीनं गाडी चालवतो. "गाडी बंद पडली का?" नाही. "दवाखान्यात कुणी आहे का?" नाही. पुढचं त्याला विचारवत नाही आणि मला सांगवत नाही. चाळिशी उलटलेली बाई पहाटे साडेपाचला, कुठं पोचायचं नसताना पळतेय, हे त्याला पटत नाही. तिसऱ्या किलोमीटरला मलाही पटत नसतं.

मी मूळची पोलादपूरकडची. आमच्याकडे रस्ता पुढच्या वळणापर्यंतच दिसतो. आंबेनळी घाटात तर वळण संपतं न संपतं तोच दुसरं सुरू होतं, त्यामुळे किती उरलंय याचा विचार करायला सवडच मिळत नाही. लग्न होऊन श्रीरामपूरला आले तेव्हा वाटलं, कुणीतरी जमिनीला इस्त्री करून ठेवलीय. इथं पाण्याची टाकी समोर दिसते. वीस मिनिटं पळा, तेवढीच दिसते. मागं वळून पाहावं तर आपलं घरही तिथंच. सपाट रस्त्यावर पळायला काय लागतं, असं माहेरची माणसं म्हणतात. त्यांनी एकदा येऊन ती टाकी गाठून दाखवावी.

माझा रस्ता म्हणजे प्रवरेच्या डाव्या कालव्याची कड. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, अकरा टीएमसीचं, म्हणजे अकरा अब्ज घनफूट पाण्याचं. तिथलं पाणी नदीतून ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून दोन कालव्यांत शिरतं. इकडे त्याला कालवा कुणी म्हणत नाही, पाट म्हणतात. पाटाला लहान फाटे फुटतात त्या चाऱ्या, चाऱ्यांना फुटतात त्या पोटचाऱ्या. कुणाचं घर विचारलं तर पत्ता चारीचा मिळतो. हळूहळू माझंही तेच झालं. हातातलं घड्याळ किलोमीटर दाखवतं, पण घरी आल्यावर मी सांगते, "आज दोन चाऱ्या झाल्या."

पाट सपाटीवरून चाललाय असं वाटतं, पण त्याला उतार ठेवावाच लागतो, नाहीतर पाणी सरकायचं नाही. तो इतका बेताचा असतो की धरणातून पाळीनं पाणी सोडतात ते आवर्तन सुटलेलं असलं, कडेपर्यंत पाणी वाहत असलं, तरच दिशा कळते. माझ्या गुडघ्यांना तो उतार कधी कळला नाही. वारा मात्र कळतो. जून-जुलैत पश्चिमेकडून असा दाबून येतो की आंबेनळी परवडली. सुरुवातीला मी खुशाल वाऱ्यासंगं पूर्वेला निघायचे, आपण फार छान पळतोय या भ्रमात अर्धी वाट संपवायचे आणि परतताना रडकुंडीला यायचे. आता आधी ओझरच्या दिशेनं, वाऱ्याला तोंड देत जाते आणि पाण्याबरोबर घरी येते.

पावसाळ्यात पाटाची कड सोडून शेतातल्या रस्त्याला वळायचं नाही, हे एकदाच शिकावं लागलं. काळी माती बुटाला धरते, त्या मातीला आणखी माती धरते, आणि दहा पावलांत आपण दोन्ही पायांत पाटे-वरवंटे बांधून चाललेलो असतो. मी बूट हातात घेऊन अनवाणी घरी आले. त्या दिवशी मोटरसायकलवाल्यानं विचारलं असतं तर नक्की बसले असते.

या रस्त्यावर माझ्याशिवाय पळतात ती भरतीची पोरं आणि पोरी. पोलीस भरतीला मुलींना आठशे मीटर, मुलांना सोळाशे. पोरींनी विजेच्या दोन खांबांवर चुन्याच्या रेघा मारून आठशे मोजून घेतलेत. दोघी पळतात आणि मागून एकीचा भाऊ मोटरसायकलचा दिवा लावून येतो. उजेडही होतो आणि सोबतही. त्यांना मी फार सोयीची आहे. "काकू, टाइम लावा ना." मग मी, जिला स्वतःलाच श्वास पुरत नाही ती, खांबापाशी मोबाईल धरून उभी राहते. त्यातली एक पोटचारी आली की पाय न भिजवता सहज उडी मारते, म्हणून मी तिला ललिता बाबर म्हणते. ललिता बाबर रिओत २०१६ साली ज्या तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली, तिच्यात २८ अडथळे आणि शिवाय पाण्यावरच्या ७ उड्या असतात. गंमत अशी की ललिता माणच्या मोहीची आणि पुरुषांच्या स्टीपलचेसमधला अविनाश साबळे आष्टीच्या मांडव्याचा, म्हणजे दोघंही दुष्काळी तालुक्यांतले. आणि मी बारमाही बागायतीतली, अजून पोटचारीत पाय घालते.

पण रस्ता कसाही असो, खरं राज्य उसाचं. अडसाली ऊस आषाढ-श्रावणात लावतात आणि पुरतं दीड वर्ष उभा ठेवतात. लावणीनंतर काही महिने मला दूरवरचं सगळं दिसत असतं. मग ऊस गुडघ्याला येतो, कमरेला येतो आणि एके दिवशी टाकी दिसेनाशी होते. पुढच्या पावसाळ्यात तर डोक्यावर चार-पाच हात ऊस आणि मधून मी. सपाट मुलखात मला इथं कुठं घाट भेटला असेल, तर तो हा. वारा लागत नाही, गारवा असतो, वळणापलीकडचं काही दिसत नाही. मी खूश.

घरचे अजिबात खूश नाहीत, कारण उसात बिबट्या. तो आमच्याकडे आता पाहुणा राहिलेला नाही. मादी पिल्लंही उसातच घालते. "मोबाईलवर गाणी लाव, मोठ्यानं," अशी सासूबाईंची सूचना. एका आंधळ्या वळणावर, जिथं ऊस अगदी रस्त्यावर झुकलेला होता, तिथून मी वर्षभर भजनं वाजवत, बॅटरी पेटवून, जमेल तितके पाय आपटत पळाले. त्या उसामागून रोज कुत्रं जीव खाऊन भुंकायचं. कुत्रं भुंकतंय म्हणजे बिबट्या आसपास असणार, असा माझा हिशेब. तेवढा टप्पा मी ज्या वेगानं काढायचे, त्यात भरती नक्की झाली असती.

यंदा डिसेंबरात त्या उसाला तोड आली. रात्रीच तोडणीवाल्यांची टोळी उतरली होती. दोन दिवसांनी गेले तर घाट साफ. फड मोकळा, पाचट पसरलेलं, आणि रस्त्यापासून दीडशे पावलांवर एक वस्ती. चुलीचा धूर, दोन गायी, लसूणघासाचा वाफा, साखळीला बांधलेलं ते कुत्रं. इतकं बारकं निघालं की मला त्याचाच राग आला. दारात एक म्हातारी बाई कासंडी विसळत होती. मला पाहून तिनं कासंडी खाली ठेवली.

"तुम्हीच का त्या पळणाऱ्या?"

"हो, मावशी."

"आगं बाई! रोज पहाटे धप धप वाजायचं, बॅटरी हलायची, कुत्रं उसाकडं तोंड करून भुंकायचं. आम्ही म्हणायचो, बिबट्या आला आन् त्याच्या मागं फॉरेस्टची माणसं. मालकांनी वर्षभर मला अंधारात गोठ्यात जाऊ दिलं न्हाई."

"पण गाणी लागलेली असायची की!"

"ती आम्हाला वाटायची देवळातली."

मी चहाला बसले. पाटाला आवर्तन सुटणार असल्याची बातमी कळली, तोडणीवाल्यांनी किती पैसे मागितले तेही कळलं. उठताना सहज विचारलं, "आता इथं काय करणार? गहू?"

"छ्या! खोडवा ठेवलाय, ह्याच बुडख्यांना पुन्हा ऊस फुटंल," मावशी म्हणाल्या. "चार महिने दिसाल, मग पुन्हा न्हाई."