तुम्ही विचारलंत म्हणून: लोडरच्या आधी टेप घ्या

गोठा बघायला आलेलं माणूस निघता निघता हमखास विचारतं, "वीस-पंचवीस गाई आहेत, शेण-वैरण हातानं उरकत नाही. पुढच्या बकेटीनं उचलणारा लोडर कोणता घ्यावा?" बहुतेकांच्या मनात एखादं यंत्र आधीच भरलेलं असतं आणि माझा होकार तेवढा हवा असतो. मी उलट विचारतो, तुमच्या गोठ्यात सगळ्यात अरुंद जागा किती फुटांची आहे? याचं उत्तर लगेच देणारे फार थोडे भेटले.

मलाही ते देता आलं नसतं. ट्रॅक्टर होताच, म्हणून आम्ही त्याला पुढचा लोडर बसवून घेतला. मोकळ्या आवारात तो छान चालला. गोठ्यातल्या गल्लीच्या टोकाला मात्र एक खांब आहे, तिथे ट्रॅक्टर वळेना. मग दर खेपेला सगळी गल्ली उलटं यायचं, आणि खांबामागचं शेण शेवटी फावड्यानंच ओढायचं. यंत्र आलं तरी पाठ तशीच दुखत राहिली.

म्हणून आधी टेप घेऊन गोठ्यात फिरा. दरवाजा मोजताना फाटक पूर्ण उघडून मोजा, कारण बिजागरीच्या बाजूला दोन-तीन इंच जातातच. यंत्राची रुंदी चाकांवरून धरू नका, बकेट बहुधा चाकांपेक्षा रुंद असते. सगळ्यात खालची तुळई आणि पाण्याचा पाइप किती उंचीवर आहे ते बघा, आणि बकेट वर उचलल्यावर यंत्र किती उंच होतं ते विचारून घ्या. गल्लीच्या टोकाला वळायला किती जागा आहे, हेही मोजा. गटारावरची झाकणं दोन-तीन टनांचं यंत्र पेलतील का, ते बघायचं राहून जातं आणि मग चाक आत जातं.

त्यानंतर वजनाचा हिशोब. मोठ्या जातीची दुधावरची गाय दिवसाला शेण-मूत्र मिळून ५०-६० किलो देते. २५ गाईंचे झाले साधारण सव्वा ते दीड टन. ओलं शेण जवळपास पाण्याइतकंच जड, म्हणजे ०.३ घनमीटरच्या छोट्या बकेटीत सुमारे ३०० किलो मावतं. चार-पाच खेपांत काम संपलं! एवढ्यासाठी मोठं यंत्र लागत नाही, हे मी ठासून सांगतो. मोठं यंत्र लागतं ते गुंडाळलेल्या मुरघासाच्या, म्हणजे हवाबंद आंबवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या, गोल गठ्ठ्यांना. ओला गठ्ठा सहज ६००-८०० किलो भरतो. असे गठ्ठे रोज उचलायचे असतील तर निवड त्यांच्यावरून करा. महिन्यातून दोनदाच गाडी उतरवायची असेल, तर त्या दिवसापुरता कुणाचा तरी मोठा ट्रॅक्टर मागवा. दोन दिवसांसाठी उरलेले अठ्ठावीस दिवस गोठ्यात न मावणारं यंत्र सांभाळणं मला पटत नाही.

माहितीपत्रकातला आकडा वाचताना एक लक्षात ठेवा. 'टिपिंग लोड' म्हणजे ज्या वजनाला यंत्र पुढे कलंडायला लागतं ते वजन. ते उचलायचं वजन नव्हे. चाकांच्या स्किड स्टिअरमध्ये, म्हणजे चाकं घसटत जागीच वळणाऱ्या छोट्या लोडरमध्ये, कामाचं वजन त्याच्या निम्म्यापर्यंतच धरतात. मधोमध वळणाऱ्या, म्हणजे आर्टिक्युलेटेड लोडरचा आकडा सरळ उभं असताना जास्त असतो आणि पूर्ण वळल्यावर कमी होतो. तुम्ही गव्हाणीकडे वळताना बकेट भरलेलीच असते, म्हणून वळल्यावरचा आकडा मागा.

स्किड स्टिअरला नावं ठेवणारा मी नाही. त्याचा जन्मच जनावरांच्या शेडमुळे झाला. १९५७ साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यात लुई आणि सिरिल केलर या भावांनी एका टर्की पक्षी पाळणाऱ्यासाठी छोटा तीनचाकी लोडर बनवला, कारण खांबांच्या दाटीत दुसरं यंत्र शिरत नव्हतं. त्यांनीही आधी शेड बघितली आणि मग लोखंड कापलं. जागच्या जागी गर्रकन वळणं ही त्याची खरी ताकद. पण तो एका बाजूची चाकं घसटत वळतो, त्यामुळे टायर झिजतात, कोबा खरवडतो आणि कच्च्या आवारात खड्डे पडतात. शिवाय बहुतेक स्किड स्टिअरमध्ये चढ-उतार पुढून, बकेटीवरून करावी लागते. सकाळच्या एका फेरीत किती फाटकं उघडता-लावता, ते मोजून बघा. आमच्याकडे अकरा आहेत. म्हणजे अकरा वेळा बकेट जमिनीला टेकवा, शेणानं निसरड्या झालेल्या काठावर पाय द्या, उतरा, परत चढा. पन्नाशीनंतरचे गुडघे हे फार दिवस सहन करत नाहीत. गल्ली अगदीच चिंचोळी नसेल तर रोजच्या गोठ्याला मी छोटा आर्टिक्युलेटेड लोडरच सुचवतो. बाजूनं उतरता येतं, मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग येतात, जमीन शाबूत राहते. फक्त मधल्या सांध्यापाशी, दोन्ही भाग जिथे जवळ येतात तिथे, इंजिन चालू असताना कुणालाही उभं राहू देऊ नका.

ट्रॅक्टर-लोडरच घेणार असाल तर मागे वजन लावल्याशिवाय काम नको. एकदा मुरघासाच्या खड्ड्यावर आमची बकेट जरा जास्त भरली होती. मी ती छातीइतकी वर घेतली आणि पुढे जाताना ब्रेक दाबला. मागची चाकं जमिनीवरून सुटली. क्षणभर स्टिअरिंग धरून बसलो, मग श्वास रोखून बकेट हळूहळू खाली सोडली. त्या दिवसापासून मागे वजन आणि बकेट गुडघ्याच्या उंचीवर, हा घरचा नियम आहे. बकेटीत माणूस उभा करायचा नाही, हा दुसरा.

शेणाची आणि वैरणीची बकेट वेगळी ठेवा, हे मी हात जोडून सांगतो. शेणातून साल्मोनेला हा जंतू चाऱ्यात जातो, आतड्यांच्या जोन्स रोगाचे जंतू जातात, आणि जोन्सचा सगळ्यात मोठा धोका लहान वासरांना. म्हणून बकेट पटकन बदलता येते का, हे किमतीइतकंच बारकाईनं बघा. बदलल्यावर खिट्टी बसली का, ते खाली उतरून डोळ्यांनी तपासा. चाकांनाही शेण लागतं, तेव्हा आधी वैरण आणि मग शेण हा क्रम पाळा. वैरणीची बकेट हलक्या मालासाठी मोठी केलेली असते. तिच्यात ओलं शेण भरलं तर यंत्राला झेपणार नाही.

देखभालीचं थोडक्यात: मूत्र लोखंड खातं म्हणून रोज धुवा, पिनांना ग्रीस द्या, रेडिएटरमधला भुसा हवेनं उडवा. बंदिस्त गोठ्यात धूर कोंडत असेल तर बॅटरीवरचं यंत्र जरूर बघा.

आणि पैसे देण्याआधी यंत्र स्वतःच्या गोठ्यात, शेण काढायच्या वेळी चालवून बघा. रोज जे चालवणार त्यालाच बसवा. आमच्याकडे सकाळची पाळी बायकोची असते. ती बसली, पायाला पेडल नीट पोचतंय का ते पाहिलं, वैरणीची एक खेप केली, खांबाशी वळली आणि मागे येताना थांबली. म्हणाली, "मागचं मला काहीच दिसत नाही, आणि तिथे वासरं बांधलेली असतात." ते यंत्र आम्ही त्याच दिवशी परत पाठवलं. पुढच्या आठवड्यात दुसरं आलं, थोडं कमी ताकदीचं. त्यावर बसून तिनं मागे वळून पाहिलं, तर वासरांच्या दाव्यांपर्यंत सगळं दिसत होतं. ते ठेवून घेतलं.