सेकंडरीच्या होल्डरची डागडुजी: वॉशर, आटे आणि सिलिकोन

न्यूटनियन (आरशांच्या) दुर्बिणीचं कोलिमेशन, म्हणजे आरशांची एकमेकांशी जुळणी, टिकत नाही म्हटलं की बहुतेक जण आधी प्रायमरीच्या, म्हणजे तळाच्या मोठ्या आरशाच्या, स्प्रिंगांना दोष देतात. आठ इंची एफ/६ (फोकल लांबी आरशाच्या व्यासाच्या सहापट) डॉब्सोनियनमध्ये, म्हणजे साध्या फिरत्या बैठकीवरच्या न्यूटनियनमध्ये, खरा घोळ बरेचदा नळीच्या तोंडाशी, सेकंडरीच्या (छोट्या तिरक्या आरशाच्या) होल्डरमध्ये असतो. तयार मिळणाऱ्या बहुतेक दुर्बिणींत त्याची रचना सारखीच असते. स्पायडरच्या, म्हणजे नळीत आडव्या ताणलेल्या पट्ट्यांच्या, मधोमध हब, हबमधून जाऊन होल्डरच्या आट्यांत बसणारा मधला बोल्ट आणि त्याच्याभोवती १२० अंशांवर तीन छोटे स्क्रू. बोल्ट होल्डरला हबकडे ओढतो, स्क्रू त्याला दूर ढकलतात आणि या ओढाताणीत आरसा जागच्या जागी राहतो.

रचनेत खोट नाही. खोट आहे ती स्क्रूचं टोक होल्डरला टेकतं त्या जागी. होल्डर मऊ ॲल्युमिनियमचा नाहीतर प्लास्टिकचा, स्क्रू पोलादी. त्यातही ग्रब (बिनडोक्याचा) स्क्रू असेल तर त्याचं टोक आतून खोलगट आणि कडेने धारदार असतं. काही महिन्यांत होल्डरच्या पाठीवर तीन खळगे पडतात. मग स्क्रू थोडासा फिरवला की टोक खळग्याच्या कडेवर चढतं, आणि हात काढला की बैलगाडीचं चाक जुन्या चाकोरीत घसरावं तसं परत आत जातं. शिवाय स्क्रूचा पीळ थेट होल्डरच्या पाठीवर उतरतो, म्हणून होल्डर बोल्टभोवती किंचित फिरतो. कल दुरुस्त करायला जावं तर आरशाचं तोंड फोकसरपासून (आयपीस बसतो त्या नळीपासून) वळतं, ते सरळ करावं तर कल जातो.

हे काम किती नाजूक आहे ते आकड्यांत पाहा. एम४ स्क्रूच्या आट्यांची पिच, म्हणजे एका फेऱ्यातली चाल, ०.७ मिमी. तिन्ही स्क्रू बोल्टपासून १० मिमीवर असतील, तर एका स्क्रूचं टोक बाकी दोघांना जोडणाऱ्या रेषेपासून १५ मिमीवर येतं. म्हणजे एका पूर्ण फेऱ्याला आरसा सुमारे २.७ अंश कलतो. फेऱ्याचा फक्त आठवा भाग फिरवला तरी कल अंशाचा तिसरा हिस्सा, आणि परावर्तित किरण त्याच्या दुप्पट वळतो. मीटरभर खाली प्रायमरीवर, फोकसरमध्ये लावलेल्या लेसरचा ठिपका तेवढ्यानेच एक सेंटीमीटरहून जास्त सरकतो. आपल्याला तो दोन-तीन मिमीच्या आत आणायचा असतो. खळग्यात अडकलेल्या टोकाकडून ही अपेक्षा करणं व्यर्थ आहे.

उपाय स्वस्त आहे: स्क्रू आणि होल्डर यांच्यामध्ये एक मोठा स्टेनलेस वॉशर. मधला बोल्ट एम६ असेल तर ६.४ मिमी भोक आणि ३० मिमी बाहेरचा व्यास. हार्डवेअरच्या दुकानात नुसता ‘सहाचा वॉशर’ मागितला तर नेहमीचा लहान हातात पडतो. तिन्ही स्क्रूंची टोकं पूर्ण झाकली जातील असा रुंद मागावा. आधी बोल्ट मोजून घ्या, कारण काही दुर्बिणींत तो एम५ असतो. जाडी दीड मिमी तरी हवी, पातळ वॉशर स्क्रूखाली वाकतो. वॉशर डायमधून छापून निघतो, त्यामुळे त्याच्या एका बाजूच्या कडेला बोटाला लागेल असा खरखरीत काठ असतो. काचेच्या तुकड्यावर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून दोन्ही बाजू घासून सपाट करा. साधा जस्त चढवलेला वॉशर कोकणच्या हवेत पहिल्या पावसाळ्यातच गंजेल, तेव्हा तिथे काटकसर नको.

वॉशर आणि होल्डर यांच्यामध्ये प्लास्टिकच्या दोन चकत्या घाला. परदेशी हौशी मंडळी त्या दुधाच्या प्लास्टिक कॅनमधून कापतात. आपलं दूध पिशवीतून येतं आणि ती पिशवी या कामाला फारच पातळ. इंजिन ऑइलचा किंवा खाद्यतेलाचा पाच लिटरचा अपारदर्शक कॅन बघा; तळाशी त्रिकोणात २ हा आकडा असेल तर ते एचडीपीई, म्हणजे हवं तेच प्लास्टिक. पारदर्शक बाटल्यांवर सहसा १ असतो, त्या नकोत. कॅनच्या सपाट बाजूतून वॉशरच्याच मापाच्या चकत्या कात्रीने कापा आणि मधलं भोक ड्रिलने पाडा. या निसरड्या थरामुळे स्क्रूचा पीळ वॉशरपाशीच थांबतो, आणि बोल्ट जरा सैल केला की होल्डर हाताने अलगद, न अडखळता फिरवता येतो. एवढ्या एका बदलाने निम्म्याहून जास्त त्रास संपतो. रंगीत थंब स्क्रूंवर पैसे घालवण्याआधी हे करा. थंब स्क्रूने ॲलन की शोधण्याचा त्रास वाचतो, खळगे मात्र तसेच राहतात.

हात घातलाच आहे तर स्क्रूही बदला. खोलगट टोकाच्या ग्रब स्क्रूऐवजी एम४ चे स्टेनलेस सॉकेट हेड स्क्रू घ्या. एकेक स्क्रू ड्रिलच्या चकमध्ये धरून फिरवा आणि टोक पॉलिश पेपरवर गोलसर करा. हबमधले आटे ढिले असतील, स्क्रू बोटाने हलवल्यावर डुलत असेल, तर नळाच्या कामातली पांढरी टेफ्लॉन टेप आट्यांवर दोन वेढे द्या. आटे घट्ट करणारं चिकट द्रव्य इथे अजिबात नको, हे स्क्रू कायम फिरते राहायला हवेत.

वॉशर आणि चकत्यांमुळे साधारण तीन मिमी जाडी वाढते. तेवढा बोल्ट होल्डरच्या आट्यांत कमी जातो. एम६ बोल्टचे किमान सहा मिमी आटे आत बसलेच पाहिजेत, नाहीतर लांब बोल्ट घ्या. बोल्टवर स्प्रिंग असेल तर ती वॉशरच्या वर बसवा. ती पूर्ण दबून स्क्रूंना जागा उरत नसेल तर सरळ काढून टाका. स्प्रिंगचं काम फक्त सगळं सैल असताना होल्डर लटकू नये एवढंच.

हे सगळं करताना नळी आडवी ठेवा. उभ्या नळीत सुटलेली ॲलन की थेट प्रायमरीवर जाते.

आता गोंदाकडे. स्वस्त दुर्बिणींत आरसा दुहेरी फोम टेपवर चिकटवलेला असतो. मे महिन्याच्या उन्हात गाडीत राहिलेल्या दुर्बिणीत ती टेप हळूहळू सरकते. आरसा खाली पडल्याचे प्रकारही होतात. पन्नास मिमीचा सेकंडरी साधारण ६० ते ७० ग्रॅमचा असतो, आणि तो पडला की दोन्ही आरसे जायबंदी. टेप काढायला स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका. हेअर ड्रायरने कोमट करा आणि मासेमारीची नायलॉन दोरी करवतीसारखी पुढे-मागे ओढत फोम कापा. ॲसिटोन प्लास्टिकच्या होल्डरला खातं, ते लांब ठेवा. काढण्याआधी आरशाची जागा होल्डरवर पेन्सिलने नक्की आखा, कारण कारखान्यात तो मुद्दाम सरकवून लावलेला असू शकतो.

ती सरक म्हणजे ऑफसेट. आरशाच्या लहान व्यासाला एफ अंकाच्या चौपटीने भागा: ५० मिमी, एफ/६ असेल तर सुमारे २.१ मिमी. एवढं फोकसरपासून दूर आणि तेवढंच प्रायमरीच्या दिशेने. ४५ अंशांच्या उतारावर हे दोन्ही मिळून जवळपास तीन मिमी होतं, आणि आरसा होल्डरच्या त्या टोकाकडे सरकवायचा जे प्रायमरीच्या बाजूला सर्वांत पुढे येतं. फक्त डोळ्याने बघणाऱ्यांनी यावर डोकं शिणवू नये. ऑफसेट नसला तर दृश्यक्षेत्राच्या एका कडेला प्रकाश किंचित कमी पडतो, तो फोटोत दिसतो, डोळ्याला नाही.

चिकटवायला न्यूट्रल सिलिकोन वापरा, काच आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्यांच्या कामाचं. व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, सुकताना त्यातून ॲसेटिक ॲसिड निघतं आणि ॲल्युमिनियमच्या लेपाला त्याचा धोका असतो. आरसा मऊ, स्वच्छ कागदावर पालथा ठेवा. पाठीवर ८ ते १० मिमी व्यासाचे तीन ठिपके, एकमेकांपासून ३० मिमीवर. मध्ये दोन मिमी जाडीच्या तीन टूथपिक ठेवून होल्डर अलगद बसवा आणि त्याची उतरती बाजू सपाट राहील असा आधार द्या. दुसऱ्या दिवशी टूथपिक ओढून काढा, पण आरसा लटकवायला चार दिवस तरी थांबा. सिलिकोन हवेतल्या दमटपणावर बाहेरून आत सुकतं, दिवसाला दोन-तीन मिमी.

पूर्ण पाठीला गोंद फासण्याचा मोह टाळा. ३० मिमी अंतरात २० अंश सेल्सियस तापमान उतरलं की ॲल्युमिनियम सुमारे १४ मायक्रॉन आकसतं आणि बोरोसिलिकेट काच जेमतेम दोन. फरक १२ मायक्रॉनचा, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या वीसपट. दोन मिमी जाडीचा लवचीक ठिपका हा ताण पोटात घेतो. पातळ, कडक थर तो आरशाला देतो, आणि डिसेंबरच्या रात्री फोकसच्या अलीकडे-पलीकडे तारा एकदा आडवा, एकदा उभा लांबट दिसू लागतो. इपॉक्सीही याच कारणासाठी बाद.

होल्डर प्लास्टिकचा आणि वाकणारा असेल तर लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमचा दंडगोल ४५ अंशात कापून घेणं सर्वांत उत्तम. व्यास आरशाच्या लहान व्यासापेक्षा आठ-दहा मिमी कमी, म्हणजे प्रायमरीकडून बघताना तो आरशाच्या कडेबाहेर डोकावत नाही. थ्रीडी प्रिंट करायचा असेल तर पीएलए हे नेहमीचं प्रिंटिंगचं प्लास्टिक नको. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हात बंद उभ्या गाडीत तापलेल्या भागांचं तापमान तिथवर जाऊ शकतं. पीईटीजी किंवा एएसए चालेल. शेवटी फळ्याचा काळा मॅट रंग द्या.

जोडणी झाली की क्रम मोडू नका. आधी मधल्या बोल्टने आरशाची खोली, म्हणजे तो नळीत किती आत बसतो ते, जमवा: फोकसरवर लावलेल्या दोन मिमी भोकाच्या टोपीतून बघताना तो फोकसरच्या बरोबर मध्ये दिसला पाहिजे. सेकंडरीच्या मागे नळीच्या भिंतीवर रंगीत कागद आणि प्रायमरीच्या बाजूला पांढरा कागद लावला की कडा स्पष्ट दिसते. मग होल्डर फिरवून ती कडा गोल करा. तीन स्क्रूंना हात सर्वांत शेवटी: एक सैल, मगच बाकीचे दोन घट्ट. फक्त घट्टच करत गेलात तर बोल्ट आणि आट्यांवरचा ताण वाढत जातो.

तपासणीसाठी फोकसरमध्ये लेसर घट्ट बसवा आणि नळी आडवीपासून उभी करा. ठिपका दोन-तीन मिमीहून जास्त पळाला तर आधी लेसर जागेवरच डुलतोय का ते पाहा, मग स्पायडरच्या पट्ट्यांचा ताण. समोरासमोरच्या पट्ट्यांचे नट आळीपाळीने पाव-पाव फेरा आवळा, एकाच बाजूने ओढलं तर हब नळीच्या मध्यापासून सरकतो. त्यानंतरही ठिपका पळत असेल तर मधल्या बोल्टला आणखी थोडा ताण हवा आहे.