तुम्ही विचारलंत म्हणून: 'तसल्या' गोष्टींचे किती मिळतात?

टोपणनावाला निरोप धाडणारे वाचक असोत की खरं नाव ठाऊक असलेल्या माझ्या दोन मैत्रिणी, फिरून फिरून एकच विचारतात: 'तसल्या', म्हणजे शृंगारिक, गोष्टी लिहून किती मिळतात? आज सांगूनच टाकते.

अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर ई-बुकाच्या किमतीचे ३५ टक्के. ७० हवे असतील तर ते ई-बुक दुसरीकडे कुठेच ठेवायचं नाही. शृंगारिक पुस्तकाची जाहिरात तिथे चालत नाही, म्हणजे वाचकाने वाचकाला सांगितलं तर खप. मार्चच्या विक्रीचे पैसे मेअखेरीस पडतात. माझे कधी सहाशे पडले, कधी चार हजार. एकदाच अकरा हजार.

यावर घर चालत नाही. पण २०२४ ची पेरणी याच पैशांवर झाली. आदल्या साली सोयाबीन पिवळं पडून गेलं होतं, सोसायटीचं कर्ज थकलेलं. अडीच एकराला पराटीच्या, म्हणजे कपाशीच्या, बियाण्याची पाच पाकिटं, ८६४ चं एक. यवतमाळच्या एटीएममधून पैसे काढून ४,३२० रुपये मी यांच्या हातात दिले. यांना सगळं माहीत आहे. माझ्या शुद्धलेखनाच्या चुका हेच काढतात.

सासूबाईंनी पाकिटं पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं आणि विचारलं, "पैसे कुठून आनले?"

मी तोंड उघडणार, तोच हे म्हणाले, "तिच्या शिलाईचे हायेत, आई."

मशीन तिथेच होती, भिंतीला लागून. पट्टा दिवाळीपासून तुटलेला, चाकाला कोळिष्टक. तिघांनाही दिसत होतं. सासूबाईंनी मशीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि बोटाला उरलेलं कुंकू त्या चाकाला लावलं.

रात्री मी यांच्याशी बोलले नाही. "तुलाच तर सांभाळून घेतलं," असं यांचं म्हणणं. असेलही. पण माझ्या गोष्टींतल्या बायका हवं-नको नवऱ्याला तोंडावर सांगतात, आणि मी पाटाशी गप्प बसले. त्याचा राग यांच्यावर किती नि माझ्यावर किती, अजून कळत नाही.

पूर्वी मी म्हणायचे, महिन्याला दहा हजार झाले की खरं नाव लावीन. अकरा पडले, नाही लावलं. पोरगी नववीत आहे, गाव लहान आहे. कारण खरं आहे, भीतीही खरी आहे. तेव्हाच्या मला हे पटलं नसतं. आजही रोज पटतंच असं नाही.

२०२५ ला पाकीट ९०१ चं झालं. पैसे मीच दिले. सासूबाईंनी पूजा केली. या खेपेला विचारलं काहीच नाही.